दान जनतेचे, दुकान कोणाचे?

नेत्याचा वाढदिवस असो, महापुरुषाची जयंती असो वा गणेशोत्सव असो, महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावी मांडव पडतो, खाटा मांडल्या जातात आणि रांगेत उभे राहून तरुण मंडळी आपल्या दंडातून रक्ताची एकेक पिशवी भरून देतात. त्या रांगेत एस.टी.चा वाहक असतो, साखर कारखान्यातला हंगामी कामगार असतो, महाविद्यालयात नुकतेच पाऊल टाकलेला शेतमजुराचा मुलगा असतो. चहा, दोन बिस्किटे आणि एक प्रमाणपत्र यांपलीकडे त्यांतील बहुतेकांना कशाची अपेक्षा नसते. हे रक्त कोणाच्या अंगात जाणार, तो कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, श्रीमंत की गरीब, हे कोणीही विचारत नाही. सर्व काही विकत मिळण्याच्या ह्या काळात अनोळखी माणसाला विनामूल्य काही देण्याची जी थोडी रूढी समाजात टिकून आहे, तिच्यात रक्तदानाचे स्थान फार वरचे आहे.

हे मांडव उभारण्यात पुरोगामी पक्षांचे आणि संघटनांचे कार्यकर्ते कधी मागे राहिलेले नाहीत. किती पिशव्या जमल्या, गेल्या वर्षीपेक्षा किती वाढल्या, ह्याचा हिशेब ते चोख ठेवतात. मात्र मांडव उतरला की त्यांचा हिशेब संपतो. त्या पिशव्या कोणत्या रक्तपेढीत गेल्या, त्यांतील किती रुग्णाच्या अंगात पोहोचल्या, किती मुदत संपून फेकल्या गेल्या आणि कोणता भाग कोणत्या कारखान्याला गेला, हे कार्यकर्ता विचारत नाही. जो कार्यकर्ता ऊस उत्पादकाला टनामागे काय भाव मिळाला आणि साखर काय भावाने विकली गेली, ह्याचे गणित तोंडपाठ सांगतो, तोच रक्ताच्या बाबतीत मात्र भाबडा होतो. दानाचा हिशेब विचारणे म्हणजे दानाचा अपमान, अशी एक समजूत रुजलेली आहे. ह्या समजुतीचा लाभ कोणाला होतो, हे आता पाहिले पाहिजे.

पिशवीचा प्रवास

शिबिरात घेतलेली पिशवी साडेतीनशे वा साडेचारशे मिलिलिटरची असते. सुसज्ज रक्तपेढीत ती यंत्रात फिरवून तिचे घटक वेगळे केले जातात. तांबड्या पेशी योग्य द्रावणात ठेवल्यास सुमारे ४२ दिवस टिकतात. रक्तस्राव थांबवणाऱ्या प्लेटलेट सामान्यतः पाच दिवसच टिकतात. उरलेला पिवळसर द्रव म्हणजे प्लाझ्मा. तो काही तासांच्या आत वेगळा करून गोठवला तर वर्षभर राहतो. म्हणजे एका दात्याचे रक्त तिघा रुग्णांच्या कामी येऊ शकते: पांडुरोगी बाळंतिणीला तांबड्या पेशी, डेंग्यूच्या एखाद्या रक्तस्राव होत असलेल्या रुग्णाला प्लेटलेट आणि भाजलेल्याला किंवा यकृताच्या रोग्याला प्लाझ्मा. विज्ञानाने दानाची शक्ती अशी तिप्पट केली आहे.

पण त्यासाठी घटक वेगळे करण्याची यंत्रे आणि परवाना लागतो. ती सोय शहरांतील मोठ्या पेढ्यांत आहे. जिथे ती नाही, तिथे अख्खी पिशवी एकाच रुग्णाला दिली जाते, मग त्याला त्यातील एकाच घटकाची गरज असली तरीही. दुसरीकडे एका जयंतीच्या दिवशी एकाच शहरात हजारो पिशव्या जमवण्याचे विक्रम केले जातात आणि महिना-दीड महिन्यात त्यांची मुदत संपते. मग मे महिन्यात महाविद्यालये बंद असतात, उत्सव नसतात, तेव्हा त्याच शहरात थॅलॅसेमियाच्या मुलाचे आईबाप एका पिशवीसाठी पेढ्यांचे उंबरठे झिजवतात. २०१७ साली माहितीच्या अधिकाराखाली बाहेर आलेल्या आकड्यांनुसार आधीच्या पाच वर्षांत देशातील पेढ्यांमध्ये रक्त आणि रक्तघटकांच्या २८ लाखांहून अधिक पिशव्या वाया गेल्या होत्या, आणि वाया घालवणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र अग्रभागी होता. ज्या राज्यात सर्वांत उत्साहाने रक्त दिले जाते, तिथेच ते सर्वाधिक नासावे, हा योगायोग नव्हे. जिथे गर्दी जमवणे हाच हेतू असतो, तिथे गरजेचे वेळापत्रक कोणी पाळत नाही.

कायद्याच्या दृष्टीने रक्त ही विकण्याची वस्तू नाही. सर्वोच्च न्यायालयाने ‘कॉमन कॉज’ ह्या संस्थेच्या याचिकेवर ४ जानेवारी १९९६ रोजी दिलेल्या निकालाने राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषद स्थापन झाली आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली. त्यापूर्वी मोठ्या शहरांत धंदेवाईक रक्तदात्यांची एक जमातच तयार झालेली होती: हातगाडीवाले, रिक्षा ओढणारे, व्यसनात बुडालेले बेकार, जे पोटासाठी महिन्यातून कितीही वेळा रक्त विकत. त्या निकालाने हा क्रूर धंदा कायद्याने संपवला, हे मान्यच केले पाहिजे. पेढीने केवळ तपासणी आणि साठवणीचा खर्च घ्यावा, असा नियम झाला. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी तो पुन्हा बजावला आणि घटकागणिक २५० ते १,५५० रुपयांपलीकडे आकारणी करू नये, असे सांगितले. नियम पुन्हा बजावावा लागतो, ह्याचा अर्थ तो पाळला जात नव्हता, हे सांगण्यास भाष्यकार लागत नाही.

दानाची क्रयवस्तू कुठे होते?

तरीही पिशवीच्या दरावर निदान एक कायदेशीर कुंपण आहे. ते कुंपण ओलांडले जाते ते प्लाझ्माच्या ठिकाणी. रुग्णालयांना थेट लागतो त्याहून पुष्कळ अधिक प्लाझ्मा पेढ्यांत जमतो. हा उरलेला प्लाझ्मा औषध कारखान्यांकडे जातो. तिथे हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून त्यातून तीन मुख्य औषधे काढली जातात: अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना लागणारे रक्त गोठवणारे घटक. कारखान्याच्या दारातून आत जाईपर्यंत ते दान असते. बाहेर पडताना ते औषध असते, त्यावर कंपनीचे नाव असते आणि छापील किंमत असते.

२०१५ साली केंद्र सरकारने पेढ्यांमधील जादा प्लाझ्मा विभाजनासाठी देण्यास रीतसर संमती दिली आणि लिटरमागे १,६०० रुपये हे विनिमय मूल्य ठरवले. रोख व्यवहार होऊ नये, पेढीने त्या मूल्याची उपकरणे, साहित्य वा औषधे घ्यावीत, अशी अट होती. आयात घटेल आणि जीवरक्षक औषधे अधिक मिळतील, हा त्यामागे सांगितलेला उद्देश होता. उद्देशाबद्दल वाद नाही. हिशेब मात्र मांडून पाहावा. एक लिटर प्लाझ्मा जमवण्यास साधारण पाच-सहा दाते लागतात. त्या एका लिटरमधून सुमारे पंचवीस ग्रॅम अल्ब्युमिन निघते. वीस टक्के तीव्रतेच्या शंभर मिलिलिटरच्या बाटलीत वीस ग्रॅम असते. म्हणजे एका लिटरमधून एक बाटली तर सहज होते, आणि ती बाटली औषधाच्या दुकानात काही हजार रुपयांना विकली जाते. शिवाय त्याच लिटरमधून काही ग्रॅम इम्युनोग्लोब्युलिन निघते, त्याचाही भाव ग्रॅममागे हजारांत जातो. गोठण घटक निराळेच. विभाजनाचे तंत्र खर्चिक आहे, विषाणू नष्ट करण्याच्या प्रक्रिया महाग आहेत, हे सारे मान्य करूनही एक गोष्ट उरते. ह्या साखळीत यंत्राला मोबदला आहे, भांडवलाला आहे, वितरकाला आहे, दुकानदाराला आहे. फक्त ज्याच्या दंडातून कच्चा माल आला, त्याला नाही. त्याने तो मागितलेला नाही, मागूही नये. पण त्याने सोडलेला मोबदला रुग्णाच्या पदरात पडावा, हा त्याच्या दानाचा अर्थ होता. तो भांडवलाच्या पदरात पडतो.

रक्ताला जात नसते, हे वाक्य प्रत्येक शिबिराच्या फलकावर असते. ते खरे आहे, आणि ते सांगणे आवश्यकही आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या रेड क्रॉसने प्रथम कृष्णवर्णीयांचे रक्त नाकारले आणि नंतर घेतले ते वेगळ्या पिशव्यांत ठेवून. हा भेद १९५० पर्यंत चालला, आणि ज्यांनी त्या देशात प्लाझ्मा साठवणुकीची व्यवस्था उभी केली ते डॉ. चार्ल्स ड्रू स्वतः कृष्णवर्णीय होते. रक्ताला जात नसते, वंश नसतो. पण बाटलीत भरून बाजारात आलेल्या रक्ताला वर्ग असतो. देणारा एका वर्गाचा असतो आणि ते परवडणारा दुसऱ्या वर्गाचा.

बाजाराने काय केले?

रक्ताचा प्रश्न बाजारावर सोपवल्यास काय घडते, ह्याचे पुरावे गेल्या अर्धशतकाने दिलेले आहेत. इंग्लंडमधील समाजधुरीण रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली ‘द गिफ्ट रिलेशनशिप’ हा ग्रंथ लिहून ब्रिटनची विनामूल्य रक्तदानाची पद्धत आणि अमेरिकेतील विकत रक्ताची पद्धत यांची तुलना केली. विकत रक्त अधिक दूषित, अधिक नासाडीचे आणि अधिक खर्चाचे ठरते, असे त्यांनी दाखवले. कारण सरळ आहे. रक्त विकणारा गरजू असतो, आपला आजार सांगितला तर पैसे मिळणार नाहीत, म्हणून तो लपवतो. देणाऱ्याला खोटे बोलण्याचे कारणच नसते. १९७५ साली जागतिक आरोग्य परिषदेने सर्व देशांना विनामोबदला रक्तदानाचाच पाया स्वीकारण्याचे आवाहन केले.

आवाहन एकीकडे राहिले आणि प्लाझ्माचा व्यापार दुसरीकडे वाढला. सोमोझाच्या हुकूमशाहीखालील निकाराग्वात मानाग्वा शहरी गरिबांचा प्लाझ्मा विकत घेऊन परदेशी पाठवणारे एक मोठे केंद्र चालत असे. लोक त्याला रक्तपिपासूंचे घर म्हणत. ‘ला प्रेन्सा’ दैनिकाचे संपादक पेद्रो होआकीन चामोरो यांनी त्या केंद्राविरुद्ध लेखणी चालवली. १० जानेवारी १९७८ रोजी त्यांचा खून झाला, तेव्हा संतप्त जनतेने त्या केंद्रालाच आग लावली. अमेरिकेत तर तुरुंगातील कैद्यांचा प्लाझ्मा विकला जाई. आर्कान्सा राज्यात ही प्रथा १९९४ पर्यंत चालू होती.

ह्या मालाची फळे भोगली ती हिमोफिलियाच्या रुग्णांनी. हजारो विकत दात्यांचा प्लाझ्मा एकाच हौदात मिसळला जाई. त्यातील एक जण बाधित असला तरी सारा हौद दूषित होई. ब्रिटनमध्ये मजूर पक्षाच्या सरकारातील आरोग्य राज्यमंत्री डेव्हिड ओवेन यांनी १९७५ च्या सुमारास गोठण घटकांबाबत देश काही वर्षांत स्वयंपूर्ण होईल, असे जाहीर करून पाच लाख पौंडांची तरतूद केली होती. ते स्वयंपूर्ण होणे घडले नाही आणि अमेरिकी माल येत राहिला. सर ब्रायन लँगस्टाफ यांच्या चौकशी समितीने २० मे २०२४ रोजी दिलेल्या अहवालानुसार दूषित रक्त आणि रक्तजन्य औषधांमुळे त्या देशात ३० हजारांहून अधिक लोक एचआयव्ही वा कावीळ यांच्या विषाणूंनी बाधित झाले आणि सुमारे तीन हजार दगावले. त्यांतील बहुसंख्य बाधा देशातील रक्तातूनच झाल्या होत्या, हे लपवण्याचे कारण नाही. पण हिमोफिलियाच्या रुग्णांचा जो संहार झाला, त्याच्या मुळाशी विकत प्लाझ्मा आणि सार्वजनिक कारखान्याकडे झालेले दुर्लक्ष हीच दोन कारणे मोठी होती. ही केवळ उजव्यांची पापकथा नाही. समाजवादी म्हणवणाऱ्या सरकारने संकल्प केला, पैसा दिला आणि पाठपुरावा सोडला, ही त्यातील बोचरी बाब आहे. एवढा धडा मिळूनही ब्रिटनच्या सरकारने २०१३ साली आपल्या सार्वजनिक प्लाझ्मा कंपनीचा ८० टक्के हिस्सा बेन कॅपिटल ह्या अमेरिकी भांडवल संस्थेला विकला. २०१६ साली ती कंपनी एका चिनी उद्योगसमूहाने ८२ कोटी पौंडांना घेतली.

लाल झेंडा फडकत असला म्हणजे बाजाराचा नियम बदलतो, असेही नाही. चीनच्या हेनान प्रांतात १९९० च्या दशकात गरीब शेतकऱ्यांकडून प्लाझ्मा विकत घेण्याची मोहीम स्थानिक अधिकाऱ्यांच्याच आशीर्वादाने चालली. अनेकांचे रक्त एकत्र करून प्लाझ्मा काढून घेतला जाई आणि उरलेल्या मिश्र तांबड्या पेशी पुन्हा त्यांच्या अंगात सोडल्या जात. गावेच्या गावे एचआयव्हीने बाधित झाली. हे उघड करणाऱ्या वृद्ध डॉक्टर गाओ याओजिए यांना सरकारने छळले. त्यांना देश सोडावा लागला आणि डिसेंबर २०२३ मध्ये परदेशातच त्यांचा मृत्यू झाला.

मिठाचे पाणी आणि हजारांची बाटली

रक्तजन्य औषधांच्या नावाने होणारी लूट फक्त किमतीची नाही. ती अनावश्यक वापराचीही आहे. अपघात, शस्त्रक्रिया किंवा गंभीर जंतुसंसर्ग यांत शरीरातील द्रव कमी पडतो तेव्हा तो भरून काढावा लागतो. त्यासाठी साधे सलाईन म्हणजे लिटरभर शुद्ध पाण्यात नऊ ग्रॅम मीठ. त्याची बाटली शंभर रुपयांच्या आत येते. दुसरा पर्याय अल्ब्युमिनचा, हजारांचा. कोणता चांगला, हे ठरवण्यासाठी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील सोळा अतिदक्षता विभागांत सुमारे सात हजार रुग्णांवर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. २८ दिवसांत अल्ब्युमिनच्या गटात ७२६ मृत्यू झाले, सलाईनच्या गटात ७२९. म्हणजे फरक नाही. डोक्याला मार लागलेल्या रुग्णांत तर अल्ब्युमिन घेतलेल्यांचेच हाल अधिक झाले. यकृताच्या काही गंभीर विकारांत अल्ब्युमिनला पर्याय नाही, तिथे ते मिळालेच पाहिजे. पण सरसकट अशक्तपणावर, रक्तातील एक आकडा कमी दिसतो म्हणून, अतिदक्षता विभागाच्या बिलात अल्ब्युमिनच्या बाटल्या चढत जातात, तेव्हा कर्ज काढून बिल भरणाऱ्या शेतकऱ्याला कोण सांगणार की ह्यातील बहुतेक काम मिठाच्या पाण्याने झाले असते?

सलाईनचीही कथा निराळी नाही. खेडोपाडी अशक्तपणा आला की शेतमजूर स्वतःच डॉक्टरला सलाईन लावण्यास सांगतो. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्धा लिटर बाटलीत अवघी पंचवीस ग्रॅम साखर असते. ती चहातून पोटात गेली असती तर मजुरी वाचली असती. रक्तजन्य औषध असो वा सलाईन, सुईतून जाते ते श्रेष्ठ, ही अंधश्रद्धा बाजाराने पोसलेली आहे.

ह्याच्या नेमका विरुद्ध दाखला बंगालने दिलेला आहे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बनगाव येथे, पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले. तरुण डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी पिंपात भरून ठेवले आणि आजाऱ्यांच्या नातेवाइकांनाच ते पेल्याने पाजण्यास सांगितले. मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होते, ते चार टक्क्यांच्या खाली आले. द्रव भरून काढण्याच्या शास्त्रातील हा शोध जगातील कोट्यवधी मुलांना वाचवणारा ठरला, आणि तो कोणाच्याही नफ्यासाठी झाला नाही. महालनबीस २०२२ साली वारले. सरकारने २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले. हयातीत त्यांच्या नावाचा जयजयकार कोणी केला नाही, कारण ज्या औषधात विकण्यासारखे काही नाही, त्याची जाहिरातही कोणी करत नाही.

कोविडच्या साथीत नेमके उलटे झाले. बरे झालेल्या रुग्णांचा प्लाझ्मा म्हणजे संजीवनी, अशी हवा पसरली. महाराष्ट्र सरकारने जून २०२० मध्ये मोठा प्रकल्पही जाहीर केला. कार्यकर्ते रात्रंदिवस प्लाझ्मा दाते शोधत धावत होते आणि दूरध्वनीवर आईबाप रडत होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० च्या ऑक्टोबरमध्येच छापून आले होते: प्लाझ्मा दिलेल्यांपैकी १९ टक्के रुग्ण दगावले वा गंभीर झाले, न दिलेल्यांपैकी १८ टक्के. तरीही राष्ट्रीय मार्गदर्शिकेतून हा उपचार वगळला गेला तो मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेने हजारो घरे उद्ध्वस्त केल्यानंतर. त्या काळात कार्यकर्त्यांनी जी धावपळ केली ती खऱ्या कळवळ्याची होती, ह्यात शंका नाही. पण ज्ञानाशिवायचा कळवळा बाजाराच्या गाड्याला जुंपला जातो, हेही तितकेच खरे आहे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा घेतला जातो की, नफ्याची प्रेरणा नसती तर ही औषधे बनलीच नसती. इतिहास वेगळे सांगतो. प्लाझ्मापासून अल्ब्युमिन वेगळे करण्याची पद्धत हार्वर्ड विद्यापीठात एडविन कोन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, सरकारी पैशावर विकसित केली. युद्धभूमीवर फिरती रक्तपेढी नेण्याचे काम नॉर्मन बेथून यांनी १९३६–३७ मध्ये स्पेनच्या प्रजासत्ताकासाठी केले, ते काही भागधारकांच्या लाभासाठी नव्हते. शोध सार्वजनिक, कच्चा माल दानाचा, आणि केवळ अखेरचा टप्पा खाजगी. नफा मात्र साऱ्याचा साऱ्या अखेरच्या टप्प्यावर! आज विकत प्लाझ्मापासून केलेली औषधे विषाणुनाशक प्रक्रियांमुळे पूर्वीपेक्षा पुष्कळ सुरक्षित झाली आहेत, हे खरे आहे. म्हणून दूषित मालाचा जुना युक्तिवाद आज एकटा पुरेसा नाही. पण आजही जगातील बहुतांश प्लाझ्मा एकट्या अमेरिकेतून येतो, तिथे माणसाला आठवड्यातून दोनदा प्लाझ्मा विकण्याची मुभा आहे, आणि विकणारे प्रामुख्याने गरीबच असतात. जगाची औषधे एका देशातील गरिबांच्या दंडावर अवलंबून राहावीत, ही व्यवस्था सुरक्षित असली तरी न्याय्य नाही.

दुसरा आक्षेप असा की, भारतीय सार्वजनिक क्षेत्राला असले तंत्र झेपणार नाही. हे म्हणणाऱ्यांनी पिंपरीकडे पाहावे. स्वातंत्र्यानंतर दहा वर्षांच्या आत, १९५४ साली, तिथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना होऊन देशी पेनिसिलिन तयार होऊ लागले. परळच्या हाफकिन संस्थेने लसी आणि सर्पविषावरील औषध पिढ्यान्‌पिढ्या पुरवले. १९७५ साली हाथी समितीने औषध उद्योगात सार्वजनिक क्षेत्राला अग्रस्थान देण्याची शिफारस केली होती. त्याच परळमध्ये, के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात, राष्ट्रीय प्लाझ्मा विभाजन केंद्रही उभे राहिले. त्याला देशाची गरज भागवणाऱ्या कारखान्याचे रूप मात्र कधी दिले गेले नाही. झेपले नाही असे नव्हे. झेपू दिले नाही. पैसा, यंत्रे आणि माणसे यांवाचून संस्था उपाशी ठेवायची, ती खंगली की तिच्याकडे बोट दाखवून खाजगीचा मार्ग मोकळा करायचा, ही रीत आता नवी राहिलेली नाही.

कार्यकर्त्याचे काम

बाजारावर टीका करणाऱ्या कार्यकर्त्याने प्रथम आपला मांडव तपासला पाहिजे. रक्त देणाऱ्याला चहा देणे निराळे. कुकर, शिरस्त्राण वा पिशवीमागे आयोजकाला भेटवस्तू देणे निराळे. पहिले आतिथ्य आहे, दुसरे विकत घेणे आहे. १९९८ साली समोरच्या दाराने हाकललेला रक्तविक्रेता भेटवस्तूच्या मागच्या दाराने परत येत असेल, आणि त्याला दार उघडणारा समाजवादी असेल, तर त्या पक्षाने टिटमसचे नाव घेऊ नये. रुग्णालयाने मागितलेल्या ‘बदली’ रक्तासाठी अगतिक नातेवाइकाने गुपचूप पैसे मोजून माणूस उभा करणे, हाही त्याच धंद्याचा बुरखा आहे.

म्हणून शिबिराची पद्धतच बदलली पाहिजे. जयंतीला हजार पिशव्या जमवण्याऐवजी त्याच हजार दात्यांची यादी करून त्यांना वर्षभर, विशेषतः एप्रिल ते जून ह्या महिन्यांत, पाळीपाळीने बोलावणे हे खरे संघटनकार्य आहे. ज्या पेढीकडे घटक वेगळे करण्याची सोय नाही वा जी आपला हिशेब देत नाही, तिला शिबिर देऊ नये. शिबिरानंतर दोन महिन्यांनी प्रत्येक पेढीने आयोजकांना लेखी कळवले पाहिजे: किती पिशव्या वापरल्या, किती नासल्या, किती प्लाझ्मा कोणत्या कारखान्याला, काय मूल्याने दिला. हे विचारण्यासाठी नवा कायदा लागत नाही. पाठीचा कणा लागतो.

सरकारपुढे ठेवायच्या मागण्याही स्पष्ट आहेत. दानातून आलेल्या प्लाझ्मापासून बनलेल्या प्रत्येक औषधाची किंमत प्रत्यक्ष उत्पादनखर्चाशी बांधलेली असावी आणि त्या औषधाचा ठरावीक वाटा सार्वजनिक रुग्णालयांना विनामूल्य परत यावा. देशाची गरज भागवील असे प्लाझ्मा विभाजन सार्वजनिक मालकीत उभे राहावे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात घटक विभाजन आणि प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात रक्त साठवण केंद्र प्रत्यक्षात चालू असावे. साठवण केंद्रांना २००१ पासून परवानगी आहे. तरी गडचिरोली वा नंदुरबारमध्ये बाळंतपणात रक्तस्राव होणाऱ्या आदिवासी स्त्रीला रक्त मिळण्यासाठी दुर्गम पाड्यातून दूरच्या शहराची वाट धरावी लागते, आणि अशा रक्तस्रावात जीव वाचवण्याची मुदत तासांत मोजली जाते. अखेरची मागणी अशी की, अल्ब्युमिन, प्लाझ्मा, प्लेटलेट आणि सलाईन केव्हा द्यावे आणि केव्हा देऊ नये, ह्याचे नियम प्रत्येक रुग्णालयात मराठीत लावलेले असावेत आणि कारण न लिहिता दिलेल्या अशा औषधाचे पैसे रुग्णाकडून घेण्यास बंदी असावी.

ह्या मागण्या क्रांतिकारक नाहीत. दान करणाऱ्याने ज्या हेतूने दिले, त्या हेतूला ते पोहोचावे, इतकेच त्यांत आहे. पण नफ्याच्या व्यवस्थेला तेवढेही सोसत नाही. म्हणूनच त्यांसाठी झगडावे लागेल. पुढच्या शिबिरात दाता खाटेवर आडवा होईल, तेव्हा त्याच्या उशाशी उभ्या असलेल्या कार्यकर्त्याला हे रक्त कोठे जाणार, ह्याचे उत्तर ठाऊक असले पाहिजे. ते ठाऊक नसेल, तर दाता दान करतो आणि कार्यकर्ता दलाली, मग तो ती फुकट करत असला तरीही.